पुढच्यास ठेच, मागचा शहाणा... पण पुढच्याने सांगितलं तर

पुढच्यास ठेच मागचा शहाणा ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे मागचा माणूस पुढच्याला ठेच लागताना बघतोय. रस्त्याने चालताना ते दिसतं हो, पण ऑफिसात नाही दिसत. ऑफिसात ठेच लागते ती स्क्रीनवर, एखाद्या एक्सेलच्या फाइलमध्ये, कस्टमरशी फोनवर बोलताना, आणि ज्याला लागते तो आधी इकडेतिकडे बघतो की कुणी पाहिलं नाही ना, आणि मग गुपचूप पुढे चालायला लागतो. दगड तिथेच राहतो.

मी पूर्वी एका ठिकाणी कामाला होतो तिथे दर महिन्याला एका सॉफ्टवेअरमधून डेटा काढून दुसऱ्यात भरायचा असायचा, आणि तो मधूनच अडकायचा, एरर काय यायची ते वाचून काहीच कळायचं नाही. मी एकदा जवळजवळ अर्धा दिवस घालवला तेव्हा कळलं की तारखेत दिवस आणि महिना उलटे पडतायत, म्हणून तो प्रत्येक वेळी अडतोय. खूप दिवसांनी सहज बोलताना विषय निघाला तर माझ्याच रांगेत बसणाऱ्या दोघांनी हेच, अगदी हेच, आपापलं शोधून काढलं होतं, आणि प्रत्येकाने अर्धा-अर्धा दिवस घालवला होता. तिघंही एकमेकांशी चांगलं बोलणारे, कुणी काही लपवत नव्हतं. तरी सांगितलं का नाही? कारण तिघांनाही वाटलं की चूक आपलीच आहे, बाकीच्यांना हे माहीत असणारच, मग कशाला सांगायचं. टीममधली माणसं एकमेकांकडून कशी शिकतात, या विषयातली माझ्या मते सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे. सांगण्याचा फायदा दुसऱ्याला होतो आणि त्याची किंमत सांगणाऱ्याला पडते, वेळ त्याचा जातो, चूक त्याची दिसते, आणि कधीकधी त्याला वाटतं की आपलं महत्त्वही त्यात जाईल. म्हणून 'एकमेकांकडून शिका' असं बोर्डावर लिहून काही होत नाही, सांगणाऱ्याला ते स्वस्त कसं पडेल हे बघावं लागतं.

आणि इथे ट्रेनिंगबद्दल बोलत नाहीये मी. ट्रेनिंगमध्ये बाहेरचं कुणीतरी येऊन शिकवतं किंवा व्हिडिओ बघून शेवटी टिक करायची असते, ते आपल्या जागी ठीक आहे. पण टीममधल्या एकाला आज जे कळलं ते उद्या बाकीच्यांना कामात वापरता येतंय का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि भरपूर ट्रेनिंग देणाऱ्या कंपनीतसुद्धा त्याचं उत्तर 'नाही' असू शकतं.

हे न झाल्याने काय होऊ शकतं याचं एक उदाहरण विमानांच्या जगातलं आहे आणि ते मला कायम लक्षात राहतं. 1 डिसेंबर 1974 ला अमेरिकेत टीडब्ल्यूए कंपनीचं 514 नंबरचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस एअरपोर्टवर उतरायला येत होतं, खराब हवा होती, कंट्रोलरने अप्रोचची, म्हणजे धावपट्टीच्या दिशेने उतरायला येण्याची, परवानगी दिली, वैमानिकांनी तिचा अर्थ असा घेतला की आता खाली यायला हरकत नाही, आणि विमान वाटेतल्या डोंगरावर आदळलं. 92 जण होते, सगळे गेले. नंतर चौकशीत समोर आलं की साधारण सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजातून तेवढंच खाली आलं होतं आणि थोडक्यात वाचलं होतं. आणि त्या वैमानिकांनी ते लपवलं नव्हतं! कंपनीत रिपोर्ट केलं, कंपनीने आपल्या बाकी वैमानिकांना सावधही केलं. पण ती माहिती कंपनीच्या भिंतीबाहेर गेली नाही, जायला रस्ताच नव्हता.

यानंतर जे घडलं ते आपल्या विषयासाठी जास्त कामाचं आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने, म्हणजे एफएएने, 1975 मध्ये सांगितलं की तुमच्या चुका, थोडक्यात वाचलेले प्रसंग आम्हाला कळवा. पण शिक्षा करणारं खातंही तेच, मग त्यालाच जाऊन आपली चूक कोण सांगणार? म्हणून 1976 पासून हे काम नासाकडे दिलं, कारण नासा कुणाचं लायसन्स रद्द करू शकत नाही. वैमानिक रिपोर्ट पाठवतो, नासाची माणसं तो वाचतात, गरज पडली तर फोन करून विचारतात, आणि मग नाव-पत्ता असलेला भाग कापून त्याचा त्याला परत पाठवला जातो, त्यांच्याकडे नाव उरतच नाही. मुद्दाम केलेली गोष्ट नसेल, गुन्हा किंवा अपघात नसेल, आणि 10 दिवसांच्या आत कळवलं असेल, तर सहसा त्या चुकीसाठी शिक्षेतूनही सूट मिळते. आणि दर महिन्याला त्यातले निवडक किस्से एका छोट्या पत्रकात छापून सगळ्यांना वाचायला मिळतात. आजवर लाखो रिपोर्ट आलेत.

यात काय काय केलंय बघा. ऐकणारा आणि शिक्षा करणारा वेगळा केला. सांगणाऱ्याला उलट फायदा दिला. आणि सांगितलेलं कुठल्यातरी कपाटात न ठेवता परत सगळ्यांकडे पोहोचवलं. शेवटचा मुद्दा आपण सगळ्यात जास्त विसरतो, माणसाने एकदा मेहनतीने काहीतरी लिहून पाठवलं आणि पुढे काहीच झालेलं दिसलं नाही तर तो दुसऱ्यांदा लिहीत नाही, आणि मग आपण म्हणतो की लोकांना इंटरेस्टच नाही.

भीतीबद्दल अजून थोडं बोलायला हवं कारण ती दिसत नाही. हार्वर्डमध्ये एमी एडमंडसन नावाच्या संशोधक आहेत, 1990 च्या दशकात त्या हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास करत होत्या, औषध देताना होणाऱ्या चुका हा विषय होता. अंदाज साधा होता की ज्या वॉर्डातली माणसं एकमेकांशी नीट जुळवून काम करतात तिथे चुका कमी असतील. आकडे आले ते उलटे, चांगल्या टीम्सच्या नावावर चुका जास्त! मग खोलात गेल्यावर लक्षात आलं की त्या टीम्स जास्त चुका करत नसाव्यात, जास्त चुका सांगत होत्या. बाकीच्या वॉर्डात चुका होत होत्या पण कागदावर येत नव्हत्या. यातूनच पुढे 1999 मध्ये त्यांनी एका कारखान्याच्या कंपनीतल्या 51 टीम्सचा अभ्यास छापला, आणि 'मानसिक सुरक्षितता' हा शब्द लोकांच्या तोंडी आला. म्हणजे काय, तर या टीममध्ये मी मूर्खासारखा वाटणारा प्रश्न विचारला, चूक कबूल केली, किंवा साहेबांना 'हे बरोबर वाटत नाही' म्हटलं, तर माझा पाणउतारा होणार नाही हा विश्वास. तो एकट्या माणसाचा स्वभाव नसतो, टीमचा असतो, तोच माणूस एका टीममध्ये भरभरून बोलतो आणि दुसऱ्या टीममध्ये गप्प बसतो.

म्हणून तुम्ही मॅनेजर असाल आणि तुमच्या टीममधून महिनोन्महिने एकही चूक वर येत नसेल तर खूश होण्याआधी जरा थांबा. चुका होत नाहीयेत की पोहोचत नाहीयेत, हे आधी शोधा.

लोक इथे एक शंका काढतात आणि ती रास्त आहे, की मग काय कुणी काहीही केलं तरी चालवून घ्यायचं का? नाही. नजरचुकीने झालेली चूक, नियम माहीत असून 'एवढ्याने काय होतंय' म्हणून घेतलेला शॉर्टकट, आणि जाणूनबुजून केलेला निष्काळजीपणा, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात माणसाला धीर द्यायचा आणि पद्धत सुधारायची, दुसऱ्यात त्याच्याशी बसून बोलायचं की शॉर्टकट घ्यावासा का वाटला (बऱ्याचदा नियमच असा असतो की तो पाळून काम वेळेत होतच नाही), आणि तिसऱ्यात कारवाई करायचीच. तिन्हींना एकच काठी लावली की पहिल्या प्रकारची माणसं सगळ्यात आधी गप्प होतात.

भीती गेली तरी एक अडचण उरते, आणि ही मला जास्त गमतीची वाटते. ज्याला एखादं काम फार चांगलं येतं त्याला आपल्याला काय येतंय हेच कळत नाही. 1990 मध्ये स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला होता, एकाने ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची आणि दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं की निम्मी गाणी तरी ओळखतील. 120 पैकी ओळखली गेली 3. कारण वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. ऑफिसातला सीनियर जेव्हा म्हणतो 'अरे सोपं आहे, हे इथून घ्यायचं, तिथे टाकायचं, झालं', तेव्हा हेच चाललेलं असतं. तो लपवत नाहीये आणि समोरचा मठ्ठही नाहीये, त्याच्या बोटांत बसलेल्या वीस बारीकसारीक गोष्टी त्याला आता दिसतच नाहीत. म्हणून माणूस नोकरी सोडून जाताना शेवटच्या चार दिवसांत त्याच्याकडून हँडओव्हरची फाइल लिहून घेतात ना, तिचा फारसा उपयोग होत नाही. त्यात टकटक असते, गाणं नसतं.

मग गाणं कसं पोहोचतं? बरोबर बसून, आणि किस्से सांगून. झेरॉक्स कंपनीत 1980 च्या दशकात ज्युलियन ओर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने फोटोकॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियन लोकांबरोबर राहून त्यांचं काम बघितलं. कंपनीची समजूत होती की टेक्निशियन मॅन्युअल बघतो, एरर कोड शोधतो, त्याप्रमाणे दुरुस्त करतो. प्रत्यक्षात मशीन अशी काही बिघडायची की मॅन्युअलमध्ये ते नसायचंच, आणि मग ही माणसं एकत्र जेवताना, एकमेकांच्या साइटवर गेल्यावर गोष्टी सांगायची, की अमुक मशीन असं करत होतं, कोड हा दाखवत होतं पण खरा प्रॉब्लेम भलतीकडेच होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं टाइमपास चाललाय. पण खरं शिकणं तिथेच होत होतं, कारण किस्स्यात नुसतं उत्तर नसतं, मशीन कसं वागत होतं, आधी काय वाटलं, कुठे फसलो, कशावरून संशय आला, हे सगळं येतं आणि तेच पुढच्या वेळी कामाला येतं.

पुढे 1990 च्या दशकात झेरॉक्सने यातून युरेका नावाची सिस्टिम उभी केली, सुरुवात फ्रान्समध्ये झाली. टेक्निशियनने आपल्याला सापडलेली युक्ती लिहायची, दुसऱ्या अनुभवी टेक्निशियनने ती तपासायची, आणि मग ती सगळ्यांना दिसायची, लिहिणाऱ्याच्या नावासकट. मला वाटतं ते नाव हाच त्यातला खरा जीव होता. आपल्या कामाची खरी पारख असलेल्या माणसांमध्ये आपलं नाव होणं याची ओढ माणसाला फार असते.

आता आपल्या कंपन्यांमधल्या त्या शेअर्ड फोल्डरशी किंवा विकीशी याची तुलना करून बघा. तिथे कुणीही काहीही टाकतं, तपासत कुणी नाही, तीन वर्षांपूर्वीची आणि कालची फाइल शेजारीशेजारी असतात, 'फायनल', 'फायनल 2', 'नवीन फायनल'. एकदा तिथली माहिती वापरून माणूस तोंडावर पडला की तो परत तिकडे फिरकत नाही, थेट शेजारच्याला विचारतो. त्यामुळे भरपूर लिहिण्यापेक्षा थोडं लिहा पण प्रत्येक पानाला एक मालक ठेवा आणि शेवटचं कधी तपासलं ती तारीख वर टाका. आणि लिहिण्याची वेळ कधी, तर अडल्यावर लगेच. कुणी ग्रुपवर प्रश्न विचारला, उत्तर मिळालं, की ज्याने विचारलं त्यानेच ते चार ओळींत लिहून ठेवायचं, ज्याने सांगितलं त्याने नाही. त्याचा आधीच वेळ गेलाय, आणि ज्याला आत्ता कळलंय त्याला काय कळत नव्हतं हे अजून ताजं आठवतंय. आणि प्रश्न शक्यतो सगळ्यांसमोरच्या ग्रुपवर विचारायचा, पर्सनल मेसेज करून नाही, नाहीतर तेच उत्तर एकच माणूस सात जणांना वेगवेगळं देत बसतो. पण हे करायला सीनियर लोकांनी आधी स्वतः सगळ्यांसमोर प्रश्न विचारायला लागतात, ते विचारत नसतील तर नवीन पोरगा कसा विचारेल.

मीटिंग हा अजून एक भ्रम आहे. आपल्याला वाटतं सगळे एकत्र बसले की प्रत्येकाला माहीत असलेलं बाहेर येईल. 1985 मध्ये स्टॅसर आणि टायटस या दोघांनी दाखवलं की तसं होत नाही. त्यांनी उमेदवार निवडायला काही गट बसवले, उमेदवारांबद्दलची काही माहिती सगळ्यांना दिली आणि काही एकेकालाच दिली, सगळी एकत्र केली असती तर चांगला उमेदवार कोण हे स्पष्ट दिसलं असतं. पण गट बोलत राहिले ते जे सगळ्यांना आधीच माहीत होतं त्याबद्दल, आणि बहुतेक गटांनी चुकीचा उमेदवार निवडला. सगळ्यांच्या माहितीतली गोष्ट बोलली की बाकीचे माना हलवतात, बरं वाटतं. एकट्यालाच माहीत असलेली गोष्ट बोलायची तर लोक बघत राहतात. त्यामुळे मीटिंगच्या सुरुवातीला पाच मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून लिहायचं, आणि मग 'या विषयातलं असं काय आहे जे बहुतेक फक्त तुम्हालाच माहीत असेल' हे एकेकाला विचारायचं, ज्युनियरपासून सुरू करून. साहेब आधी बोलले की मीटिंग तिथेच संपते, पुढे फक्त वेळ जातो.

काम संपल्यावर बसायची एक जुनी पद्धत अमेरिकन सैन्यातून आलीय, 1980 च्या दशकात त्यांच्या मोठ्या सराव केंद्रांमध्ये ती रुजली. सराव झाला की लगेच सगळे एकत्र बसतात आणि चार गोष्टींवर बोलतात, काय व्हायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, आणि पुढच्या वेळी काय वेगळं करायचं. आणि तिथे हुद्दा बाजूला ठेवून बोलायचं असतं, साधा सैनिकही अधिकाऱ्याला सांगू शकतो की तुमचा हुकूम आमच्यापर्यंत उशिरा पोहोचला. सैन्यासारख्या ठिकाणी हे जमतं तर ऑफिसात जमायला हरकत नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे काम बिघडलं तेव्हाच असं बसू नका, चांगलं झालं तेव्हाही बसा, नाहीतर मीटिंगचं नाव काढताच लोक कोर्टात चालल्यासारखे येतात. दुसरं म्हणजे शेवटी पंधरा मुद्द्यांची यादी करू नका, एक किंवा दोन बदल ठरवा, ते कोण करणार ते लिहा, आणि पुढच्या वेळी बसताना आधी तेच विचारा.

साहेबांच्या वागण्याचा परिणाम किती असतो यावर एडमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचाच आणखी एक अभ्यास आहे, 2001 चा. 16 हॉस्पिटलमधल्या हार्ट सर्जरीच्या टीम्स एक नवीन, छोट्या छेदातून करायची शस्त्रक्रिया शिकत होत्या. पुढे गेल्या त्या टीम्स मोठ्या नावाच्या हॉस्पिटलच्या किंवा सगळ्यात सीनियर सर्जनच्याच होत्या असं नाही. जिथे सर्जनने सुरुवातीलाच सांगितलं होतं की हे मलाही नवीन आहे, तुम्हाला जे दिसेल ते मला सांगायचं, तिथे नर्स आणि टेक्निशियन बोलायला लागले आणि टीम शिकली. 'माझा दरवाजा उघडा आहे' असं म्हणण्यापेक्षा साहेबांनी सोमवारी सकाळी 'गेल्या आठवड्यात माझा हा अंदाज चुकला, त्यामुळे असं झालं' एवढं शांतपणे सांगितलं तरी खूप फरक पडतो, आणि त्यानंतर जो पहिला माणूस स्वतःची चूक सांगेल त्याच्याशी ते कसे वागतात याकडे अख्ख्या टीमचं लक्ष असतं. तिथे एक वाकडी नजर गेली तरी सहा महिन्यांची मेहनत गेली समजा.

आणि पैशाची, म्हणजे अप्रेझलची गोष्ट टाळून चालणार नाही. जिथे दरवर्षी माणसांना एकमेकांच्या तुलनेत वर-खाली लावतात, एकाला चांगलं रेटिंग द्यायचं तर दुसऱ्याचं काढूनच द्यावं लागतं, तिथे शेजाऱ्याला शिकवणं म्हणजे स्वतःचं नुकसान करणं आहे आणि माणसांना ते बरोबर समजतं. त्यांना स्वार्थी म्हणू नका, त्यांनी नियम नीट वाचलेत. तसंच 'हे फक्त मलाच येतं' म्हणून जो धरून बसतो त्याच्यावर रागावण्याआधी बघा की त्याने ते दुसऱ्याला शिकवलं तर त्याला त्या बदल्यात काय देणार आहात, नवीन काम, मोठी जबाबदारी, की नुसती असुरक्षितता? त्याला निर्धास्तपणे रजा घेता येते, सुट्टीत फोन येत नाही, हाही फायदाच आहे आणि तो त्याला खरोखर मिळाला तर माणूस स्वतःहून शिकवायला लागतो. शिकवायला लागणारा वेळ कामाचा वेळ म्हणून धरला पाहिजे हे तर आहेच, सगळं काम आठ तासांत कोंबून वर 'शेअरिंगही करा' म्हटलं तर ते शुक्रवारी संध्याकाळी होतं, म्हणजे होत नाही.

कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं तर मी म्हणेन नवीन आलेल्या माणसापासून. त्याला अजून सगळं खटकतं, हे असं का करतात, हा फॉर्म दोनदा का भरायचा, या शब्दाचा अर्थ काय. त्याला पहिल्या दिवशी एक वही द्या आणि सांगा की महिनाभर जिथे जिथे अडशील, जे विचित्र वाटेल ते लिही, आणि महिन्याने आपण दोघं बसून ते वाचू. जुन्या माणसांना जे दिसेनासं झालंय ते सगळं त्या वहीत सापडतं, आणि नवीन माणसाला पहिल्याच महिन्यात कळतं की इथे अडलं तर सांगायचं असतं. फक्त उशीर करू नका, दोन-तीन महिन्यांत त्यालाही सवय होते आणि मग त्यालाही काही खटकत नाही.